तिसरी पिन

६ जानेवारी २०२५, सोमवार. इंदापूर

दुकान उघडलं, उदबत्ती ओवाळली, कॉम्प्युटर चालू केला आणि समोर हळद सांडली. सगळा मॉनिटर पिवळाधमक. शनिवारी डाळिंबाच्या खोक्याचं लेबल अर्धवट ठेवून गेलो होतो. ते उघडलं तर पांढरी जमीन पिवळी, निळं आभाळ काळं, खालचा राणी रंगाचा पट्टा लालभडक. डाळिंब तेवढं जागच्या जागी.

पहिला विचार खिशाचा. लग्नसराई चालू, पत्रिकांची कामं रांगेत, आणि आता नवा मॉनिटर घ्या. डोक्याला हात लावून बसलो होतो तेवढ्यात आमची ऑपरेटर आली. जेवणाचा डबा खाली ठेवायच्या आधीच तिने मॉनिटरच्या मागे हात घालून केबल हलवली. पडदा क्षणभर पांढरा झाला, परत पिवळा.

"दादा, मॉनिटरला काही झालं नाही. केबल बघा."

"कशावरून?"

तिने मॉनिटरच्या कडेचं बटण दाबलं. ब्राइटनेस-कॉन्ट्रास्टची चौकट उघडली. भोवती पिवळं रान आणि मध्ये चौकटीतली अक्षरं पांढरीशुभ्र. ही चौकट कॉम्प्युटरकडून येत नाही, मॉनिटर ती स्वतःच्या पोटातून काढतो. ती पांढरी दिसली तर मॉनिटर निर्दोष. दोष केबलमध्ये नाहीतर कॉम्प्युटरमध्ये. तीही पिवळी असती तर दुखणं मॉनिटरच्या घरचं. बटण सापडत नसेल तर सरळ केबल उपटायची. मग 'नो सिग्नल'ची जी पाटी येते, तीही त्याची स्वतःचीच.

बावीस वर्षं या खुर्चीवर बसतोय. ही खूण मला बावीस वर्षांच्या पोरीने सांगितली.

७ जानेवारी, मंगळवार

सकाळी केबल काढून उजेडात धरली. निळ्या टोपीची जुनी व्हीजीए. आय.बी.एम.ने १९८७ साली आणलेली ही जोडणी अजून आमच्यासारख्यांच्या दुकानांत टिकून आहे. तीन ओळींत पंधरा पिना. पहिलीतून लाल येतो, दुसरीतून हिरवा, तिसरीतून निळा. बाकीच्यांत परतीच्या तारा आणि ओळ कुठे सुरू करायची, चित्र कुठे संपवायचं याचे इशारे. नववी पिन पुष्कळ केबलींना मुळातच नसते, तिथली रिकामी जागा बघून घाबरायचं कारण नाही. माझी तिसरी पिन मात्र आडवी झोपली होती. दिवाळीत दुकानाला रंग दिला तेव्हा टेबल भिंतीला रेटलं होतं. टोपी तेव्हाच तिरकी बसली असणार, आणि इतके दिवस पिन कशीबशी टेकून होती.

चिमट्याने धरावी तर तुटायची भीती. लीडच्या पेन्सिलीचं पुढचं बारीक नळकांडं पिनेवर चढवलं आणि श्वास रोखून हळूहळू उभी केली. टोपी बसवली, दोन्ही स्क्रू आवळले. पांढरं ते पांढरं झालं.

दहाच्या सुमारास अण्णा आले. चाळीस वर्षं त्यांनी पत्र्याच्या पाट्या, दुकानांचे बोर्ड, भिंतीवरच्या जाहिराती रंगवल्या. फ्लेक्स आला तेव्हा ब्रश ठेवला, पण सकाळी दुकानात चक्कर मारून माझ्या कामाला नावं ठेवणं सोडलं नाही. त्यांना पिनेची गोष्ट सांगितली.

"निळा गेला म्हणून पिवळं झालं? निळ्याचा आन् पिवळ्याचा काय संबंध?"

"पांढऱ्यातनं निळा काढला की लाल आणि हिरवा राहतो. दोन्हीचा मिळून पिवळा."

"लाल-हिरव्याचा पिवळा होत नसतो. चिखल होतो. जन्मभर कालवलाय मी."

बोलत होतो दोघंही खरं. डब्यातला रंग प्रकाश गिळतो. लाल रंग लाल सोडून बाकीचं गिळणार, हिरवा रंग हिरवं सोडून बाकीचं. दोघांना एकत्र कालवलं की बाहेर पडायला काही उरत नाही, चिखल उरतो. मॉनिटर गिळत नाही, ओततो. लाल उजेडावर हिरवा उजेड पडला की डोळा त्याला पिवळा म्हणतो.

अण्णांना हे तोंडी पटणार नव्हतं. बोट ओलं करून पडद्यावरच्या पांढऱ्या भागावर पाण्याचा बारीकसा थेंब ठेवला. थेंबाचं भिंग झालं. जवळ जाऊन पाहिलं तर पांढरं कुठेच नाही. लाल, हिरवी, निळी अशा उभ्या रेघांच्या तिकड्या, हातमागावरच्या ताण्यासारख्या ओळीने लावलेल्या. अण्णा नाक टेकेपर्यंत वाकले.

"लाल हाय. हिरवी हाय. निळी लई अंधारी दिसती."

चष्मा पुसा म्हटलं. त्यांनी पुसला आणि पुन्हा तेच सांगितलं.

१० जानेवारी, शुक्रवार

संक्रांत मंगळवारी. साडीवाल्यांचं बॅनर आजच हवं. काळी चंद्रकळा, हातात तिळगुळाची वाटी. ऑपरेटरच्या मॉनिटरवर साडी काळीभोर, माझ्या दुसऱ्या मॉनिटरवर राखाडी, धुऊन धुऊन विटल्यासारखी. तीच फाइल, शेजारी शेजारी ठेवलेले दोन पडदे. हा दुसरा मॉनिटर एचडीएमआयवर आहे, म्हणजे वाकायला तिसरी पिन वगैरे काही नाही. मेन्यूची चौकट उघडून पाहिली. तिच्यातला काळा अगदी काळा. म्हणजे मॉनिटर पुन्हा निर्दोष.

तासभर घालवल्यावर सापडलं. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या जिन्याला कॉम्प्युटर ० ते २५५ अशा २५६ पायऱ्या मोजतो. टीव्हीवाल्यांची रीत वेगळी. ते १६ ला काळा म्हणतात आणि २३५ ला पांढरा. एचडीएमआय लावली की कॉम्प्युटर कधीकधी समोरच्याला टीव्ही समजतो आणि काळा म्हणून १६ पाठवतो. मॉनिटर बिचारा १६ ला १६ च समजतो, म्हणजे राख. पांढराही त्याच हिशेबाने मळतो. ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये 'लिमिटेड'चं 'फुल' केलं आणि चंद्रकळा अंधारात गेली.

बॅनर चारला गेलं. साडीवाल्या बाई म्हणाल्या, "छान आलंय हो." त्यांनी ते मोबाईलवर पाहिलं होतं.

१२ जानेवारी, रविवार

बायकोचा भाऊ मुलांना घेऊन आलाय. पहाटे सगळ्यांना घेऊन भिगवणजवळ कुंभारगावला गेलो, रोहित पक्षी बघायला. उजनीचं पाणी अजून वर आहे, उथळ चिखल उघडा पडलेला नाही, त्यामुळे पक्षी थोडे आणि लांब. धुक्यात होडी निघाली. समोर पांढरट ठिपक्यांची ओळ.

भाचा म्हणाला, "मामा, हे तर पांढरेच आहेत. फोटोत गुलाबी असतात."

होडीवाला हसला. "ऊन येऊ दे बाळा. आन् उडू दे."

साडेआठला ऊन आलं. कशाने तरी बिचकून ओळ उठली आणि पंख उघडले. आतून लालभडक, कडेला काळे. मुलं उभीच राहिली, होडीवाल्याने ओरडून बसवली. हा गुलाबी रंग पक्ष्याचा जन्मजात नसतो. पिल्लं करडी असतात. शेवाळातून, बारीक झिंग्या-किड्यांतून जे रंगद्रव्य पोटात जातं ते हळूहळू पिसांत उतरतं. गाजराला जे केशरी करतं त्याच कुळातलं.

तिघांनी तीन मोबाईलवर फोटो काढले आणि तिन्हींत पक्ष्यांचे रंग तीन. एकाने धुक्याची निळसर झाक काढायला सगळं पिवळं केलं, दुसऱ्याचा पडदा मुळातच भडक, त्यात पंख कुंकवासारखे. मी रोज ज्यांच्याशी भांडतो ती सगळी गिऱ्हाइकं याच पडद्यांवर रंग पास करतात. परत येताना भिगवणला मासे घेतले. चिलापी ताजी होती, ती कुठल्याही मोबाईलवर ताजीच दिसली असती.

१६ जानेवारी, गुरुवार

निमगाव केतकीच्या बाजूचे बागायतदार सोमवारी संध्याकाळी लेबल बघायला आले होते. खुर्ची ओढून बसले, चष्मा वर केला.

"माल भगव्याचा हाय आमचा. ह्ये टमाटं काढलंय तुमी."

भगवा हे राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं वाण. आमच्या तालुक्यातल्या डाळिंबाच्या बागा बहुतेक त्याच्याच. फळ नावाप्रमाणे, केशरीकडे झुकलेलं तकतकीत लाल. माझ्या पडद्यावर खरंच वीटकरी-पिवळट दिसत होतं. तीन संध्याकाळी बसून मी त्यातला पिवळा काढला, निळ्याकडे नेलं. आज सकाळी फाइल उघडली तर डाळिंबं जांभळी. कांदे म्हटलं तरी चाललं असतं.

आधी तिसऱ्या पिनेवरच संशय. पण ती ताठ उभी होती. सायंकाळी सव्वासहाला मी पडद्याकडे टक लावून बसलो आणि चोर डोळ्यांदेखत आला. बाहेर सूर्य बुडाला आणि पडदा हळूच पिवळा व्हायला लागला. ऑपरेटरने त्याच क्षणी स्क्रीनशॉट घेऊन माझ्या मोबाईलवर पाठवला. मोबाईलवर स्वच्छ. म्हणजे चित्रात पिवळा नव्हताच. चित्र तयार झाल्यावर, पडद्यावर जाताना शेवटच्या पायरीवर कुणीतरी तो मिसळत होतं.

नाइट लाइट. विंडोजमध्ये २०१७ पासून आहे. रात्रीच्या कामात निळा उजेड कमी व्हावा म्हणून सूर्यास्ताला आपोआप लागतं, सूर्योदयाला जातं.

"दादा, मीच लावलं होतं," ती म्हणाली. "पत्रिकांच्या वेळी रात्री डोळे फार जळजळायचे."

रागवायला तोंड उघडलं होतं. मिटलं. त्या पत्रिकांच्या वेळी तिला रात्री साडेनऊपर्यंत मीच बसवलं होतं. नाइट लाइट बंद केलं, आणि साडेसहानंतर रंगाचं काम करायचं नाही असं ठरवलं. फक्त अक्षरजुळणी.

२२ जानेवारी, बुधवार. बारामती

फ्लेक्स आमच्याकडे छापत नाही, फाइल घेऊन बारामतीला जावं लागतं. शिवजयंतीच्या कामाचा अंदाज घ्यायला आज गेलो. पन्नासेक किलोमीटरचा रस्ता आणि सध्या सगळा उसाचा. अंथुर्णे, लासुर्णे, बेलवाडी, भवानीनगर. पुढे दोन-दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर, आपण मागे, वाढ्याची पानं काचेवर. हळू जावं लागतं म्हणून पाट्या वाचत जातो. जुन्या वाढदिवसांचे फ्लेक्स अजून टांगलेले आहेत. नेते, कार्यकर्ते, चुलते, पुतणे, सगळ्यांचे चेहरे निळे पडलेत. उन्हात पिवळी आणि गुलाबी शाई आधी उडते, निळी आणि काळी मागे राहते. वर्षभरात माणूस शंकरासारखा दिसायला लागतो.

छापखान्यात मशीन चालूच होतं. हेड इकडून तिकडे सरकतं, मागे बोटभर पट्टा ओला चकाकतो. शायांचा वास कपड्यांना घरापर्यंत येतो. मालकांना विचारलं, मागच्या वर्षी मंडळाचा भगवा नारंगी का आला?

"तुम्ही उजेडात काढता, आम्ही शाईत छापतो," ते म्हणाले.

म्हणजे अण्णांचाच मुद्दा. पडदा लाल, हिरवा, निळा ओततो. मशीनकडे सायन, मॅजेंटा, यलो, ब्लॅक अशा चार गिळणाऱ्या शाया. पडदा दाखवू शकतो असे काही झगझगीत रंग शाईला जमतच नाहीत. मशीन मग जवळचा रंग गाठतं, आणि तो जवळचा रंग कुणाच्या मते जवळचा हे सॉफ्टवेअर ठरवतं. त्यापेक्षा शाईचे आकडेच आपण द्यावेत. भगव्याला पिवळी पूर्ण १००, निळी आणि काळी शून्य. सगळा खेळ मॅजेंटाचा. कमी पडली तर झेंडू, जास्त झाली तर कुंकू.

त्यांच्याकडून फ्लेक्सच्या उरलेल्या तुकड्यावर दहा पट्ट्या छापून घेतल्या. मॅजेंटा ४५ पासून तीन-तीनने वाढवत ७२ पर्यंत. प्रत्येक पट्टीखाली आकडा. गुंडाळी करून गाडीत ठेवली. येताना काटेवाडीत चहा घेतला आणि टपरीबाहेर ती उलगडून पाहिली. आत ट्यूबखाली जी बरोबर वाटली होती, ती बाहेर उन्हात पिवळी वाटली.

२६ जानेवारी, रविवार

सकाळी झेंडावंदन. परत येऊन दुकान उघडलं तर मॉनिटर काळा-पांढरा. भाच्याने खेळता खेळता विंडोज, कंट्रोल आणि सी एकदम दाबलं होतं; रंग काढून टाकणारी कळ आहे ती. पुन्हा दाबली, रंग आले. दोषांमध्ये इतका सरळ दोष या महिन्यात पहिलाच.

अकराला मंडळाची मुलं आली. "काका, भगवा कडक पायजे. मागच्या वर्षी गढीपाशी लावला होता तवा लोकं म्हनली, संत्र्याची जाहिरात हाय का?"

गढी म्हणजे मालोजीराजांची. महाराजांच्या आजोबांच्या गावात भगवा चुकला तर लोक बोलणारच.

त्यांना विचारलं, कडक म्हणजे कुठला? एक म्हणाला, गडावरच्या झेंड्यासारखा. दुसऱ्याने मोबाईल पुढे केला. तिसरा म्हणाला, वारीतल्या पताकेसारखा. आषाढीला तुकोबांची पालखी याच गावातून जाते, हजारो पताका नजरेसमोरून जातात, आणि त्यातल्या दोन कधी एका रंगाच्या नसतात. उन्हाने, पावसाने, धुण्याने प्रत्येकीचा आपला वेगळा.

सकाळी ज्याला सलाम केला त्या तिरंग्याचं तसं नाही. भारतीय मानकांच्या यादीतला अगदी पहिला क्रमांक, आयएस १, राष्ट्रध्वजाचा आहे. १९५१ साली ठरला, १९६४ आणि १९६८ मध्ये सुधारला. त्यात केशरी रंग शब्दांत नाही, आकड्यांत बांधलाय. कापड उपकरणाखाली धरून तपासता येतं. भगव्याला तसा आकडा कुणी लावलेला नाही. तो ज्याच्या त्याच्या आठवणीत असतो, आणि प्रत्येकाला आपलाच खरा वाटतो.

मुलांना म्हटलं, मोबाईल नको. मंडळाच्या कपाटातला कापडी झेंडा आणून द्या.

३१ जानेवारी, शुक्रवार

बारामतीचा एक फोटोग्राफर मित्र लग्नाच्या कामाला इकडे आला होता, येताना त्याचं रंग मोजायचं यंत्र घेऊन आला. मुठीत मावेल एवढं, तारेला लोंबणारं. पडद्यावर कोळ्यासारखं बसवलं. कॉम्प्युटर एकामागून एक रंग दाखवत गेला आणि ते मोजत गेलं. दहा मिनिटं दोघांनाही काही काम नव्हतं, गप्पा मारल्या.

पांढऱ्यालाही तापमान असतं, हे त्याच्याकडून नीट समजलं. भट्टीतलं लोखंड आधी लाल होतं, मग पिवळं, मग पांढरं, तशी ही मोजपट्टी. दुपारच्या उजेडाच्या जवळचा पांढरा ६५०० केल्विन, मॉनिटरला तो धरतात. आकडा खाली आला की पिवळट, वर गेला की निळसर. आपण बोलताना उलटं बोलतो, पिवळ्याला उबदार म्हणतो आणि निळ्याला थंड. माझा मॉनिटर सात वर्षांचा. आतले दिवे थकलेत, पांढरा ५८०० वर घसरलाय. यंत्राने दुरुस्तीची फाइल बनवून दिली. ती लावली तेव्हा पडदा निळा वाटला. मित्र म्हणाला, दोन दिवस थांब, डोळा सरावेल.

मग तो बाहेर गेला आणि हसत परत आला. "अरे, तू हे काय बांधलंयस?"

दुकानापुढे उन्हासाठी निळी ताडपत्री आहे. दुपारी बारा ते तीन आत सगळा निळसर उजेड. डोळा त्या उजेडाला पांढरा मानून बसतो, आणि मग पडद्यावरचा खरा पांढरा पिवळट भासतो. म्हणजे मी इतकी वर्षं दुपारी एक आणि संध्याकाळी एक अशा दोन दुकानांत बसत होतो. ताडपत्री काढली. उद्या जुनं चादरीचं पांढरं कापड बांधू.

५ फेब्रुवारी, बुधवार. बारामती

काल अण्णांच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. डॉक्टरांनी मागच्या आठवड्यात तपासून सांगितलं होतं, दोन्ही डोळ्यांत चांगलाच पिकलाय. आज सकाळी पट्टी काढली. अण्णा जरा वेळ काही बोलले नाहीत. समोरच्या कॉटवरची चादर बघत होते.

"ह्या चादरीला नीळ जास्त झालीय."

मी पाहिली, साधी पांढरी चादर. त्यांनी तळहाताने उजवा डोळा झाकला, डाव्याने पाहिलं. मग डावा झाकला, उजव्याने पाहिलं. चार-पाच वेळा. सिस्टर ओरडल्या, हात लावू नका.

"ह्या डोळ्याने तुपासारखी दिसती. ह्या डोळ्याने नीळ घातल्यावानी. खरी कंची?"

डॉक्टरांनी समजावलं. वय वाढेल तशी डोळ्यातली भिंगाची काच पिवळी होत जाते, आणि पिवळी काच निळा उजेड आत येऊ देत नाही. हे इतक्या सावकाश होतं की माणसाला कळत नाही. ती काच काढून स्वच्छ काच बसवली की निळा एकदम आत शिरतो. फ्रान्सचा चित्रकार क्लोद मोने याचंही १९२३ साली शस्त्रक्रियेनंतर असंच झालं होतं. सगळं निळं दिसतं म्हणून तो वैतागला होता. अण्णांना मोने माहीत नव्हता, पण त्याचं वैतागणं त्यांना पटलं.

दुपारी काळा चष्मा लावून गाडीत बसले. वाटेत एका किराणा दुकानासमोर गाडी थांबवायला लावली. त्यांनीच रंगवलेला बोर्ड, शेवटच्या काही कामांपैकी. चष्मा जरासा वर करून पाहिला.

"एवढा निळा मी लावलाय? मला तवा फिका वाटायचा, म्हणून वरनं अजून हात मारला."

गाडी पुढे निघाली. भवानीनगर मागे पडल्यावर स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "म्हंजी माझीबी तिसरी पिन वाकली व्हती."

मला सात तारखेचा पाण्याचा थेंब आठवला. मी चष्मा पुसा म्हणालो होतो.

११ फेब्रुवारी, मंगळवार

अण्णांना दुकानात यायची परवानगी नाही, धूळ लागेल. म्हणून पट्ट्यांची गुंडाळी घरी नेली. अंगणात सकाळच्या सावलीत पसरली.

"यातला भगवा कुठला?"

त्यांनी नव्या डोळ्याने बघून सहावी सांगितली. मॅजेंटा ६०. मग जुन्या डोळ्याने बघून चौथी. मॅजेंटा ५४. जुन्या डोळ्याला सहावी मळकी, जळकी वाटत होती. मी दोन्ही डोळ्यांनी पाचवी म्हटलं. बायकोला विचारलं, तिने सातवी दाखवली. एका घरात चार भगवे निघाले.

मग मंडळाचा कापडी झेंडा आणला आणि पट्ट्यांच्या अगदी कडेला लावून, एकेक पट्टी सरकवत नेली. अण्णांनी जुन्या डोळ्याने पाहिलं. सहावी. नव्याने पाहिलं. सहावी. मी पाहिलं, हिने पाहिलं. सहाव्या पट्टीवर कापड आणि फ्लेक्समधली रेघ मिटत होती. जुन्या डोळ्यात काच पिवळी असली तरी ती झेंड्यालाही तेवढीच पिवळी करते आणि पट्टीलाही. आठवणीतल्या रंगाशी जुळवलं की डोळा फसतो, शेजारी ठेवून जुळवलं की त्याचा दोष दोन्ही बाजूंनी सारखा कापला जातो.

अण्णांना यात नवल वाटलं नाही. "आमी डब्याच्या झाकणावर जुन्या पाटीचा पोपडा चिकटवून ठिवायचो. त्याला लावूनच रंग कालवायचो. तुमी कॉम्प्युटरवाले नुसतं बघून करता."

एक खात्री राहिली होती. तीच सहावी पट्टी आणि झेंडा दुपारी उन्हात, रात्री ट्यूबखाली धरला. उन्हात जुळले. ट्यूबखाली झेंडा किंचित तांबूस गेला, कापडाचा रंग आणि शाई वेगवेगळ्या घडणीचे, म्हणून उजेड बदलला की फुटतात. फ्लेक्स चौकात लागणार, मिरवणूक सकाळची. ऊन धरलं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

शिवजयंती. काल रात्री अकराला फ्लेक्स आला, मुलांनी बारापर्यंत बांधला. सकाळी साडेआठला गेलो. वर फ्लेक्स, खाली काठीला मंडळाचा झेंडा. वारा पडला की झेंडा फ्लेक्सवर टेकायचा आणि कुठून सुरू झाला ते लांबून कळायचं नाही. ढोल चालू होते. रंगाबद्दल कुणी काही बोललं नाही. मागच्या वर्षी दहा जण बोलले होते. डाळिंबाची लेबलंही काल गेली, बागायतदारांनी खोक्यात फळ ठेवून शेजारी लेबल धरलं आणि मान हलवली. त्यांना ही रीत माझ्याआधीच ठाऊक होती.

अण्णांना गाडीतूनच दाखवलं. त्यांनी काळा चष्मा काढला नाही. "दुसरा डोळा झाला की बघीन नीट."

दुपारी दुकानात बसून सहाव्या पट्टीचे कात्रीने दोन तुकडे केले. एक बारामतीला छापखान्यात द्यायचा. दुसरा बिस्किटाच्या डब्यात, काळ्या कागदात गुंडाळून. मागे मार्करने लिहिलं: भगवा, मॅजेंटा ६०, पिवळा १००, फेब्रुवारी २०२५. ऑपरेटरला सांगितलं, बघून झालं की लगेच डब्यात. टेबलावर उन्हात राहिली तर तीही हळूहळू बदलत जाईल, आणि रोज समोर असल्यामुळे आपल्याला कळणार नाही.

केबल नवीन मागवली आहे. जुनी तिसरी पिन आहे तोवर चालू दे.